आगटी, दहिवर आणि कुबडी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पारा दहाच्या खाली गेला की पहिल्या पानावर दोन गोष्टी ठरलेल्या असतात : गोंदियाचे किमान तापमान आणि आगटीभोवती हात शेकत बसलेल्या माणसांचा फोटो. फोटो छान असतो. पण त्या गोलात कुबड्या बाजूला ठेवून किंवा तीनचाकी सायकल टेकवून बसलेला कुणी असेल, तर त्याच्यासाठी ती आगटी ऊब कमी आणि धोका जास्त असते. हे पत्र त्याच्यासाठी आणि त्याच्या घरच्यांसाठी आहे. थोडे लांबेल, पण कापताना निदान शेगडीचा भाग ठेवावा.

विदर्भ म्हटला की ऊन. उन्हाळ्यासाठी आपल्याकडे उष्माघात कक्ष आहेत, पाणपोया आहेत, शाळा सकाळच्या होतात. थंडीसाठी काही नाही, कारण ती दोन-अडीच महिन्यांची पाहुणी. नागपुरात २९ डिसेंबर २०१८ ला पारा ३.५ अंशांवर गेला होता, तोही दोन दिवस चर्चेचा विषय झाला आणि संपला. धडधाकट माणसाचे एवढ्यावर भागते. ज्याचे पाय चालत नाहीत त्याला मात्र हेच महिने जड जातात. त्यातला बराचसा त्रास थेट थंडीने होत नाही. तो होतो थंडी घालवायच्या आपल्या उपायांनी, आणि सकाळी लवकरच्या वेळांनी.

आधी शेगडी. कमरेखाली संवेदना गेलेला माणूस, कुष्ठरोगातून बरा झालेला पण तळपाय बधिर राहिलेला माणूस, वर्षानुवर्षे साखर असलेला म्हातारा, यांना आगीपाशी बसवून ‘पाय शेक’ म्हणणे सरळ चूक आहे. वरोऱ्याचे आनंदवन, वर्ध्याजवळचे दत्तपूर, अमरावतीचे तपोवन ज्या मुलखात उभे राहिले, त्या मुलखाला बधिर पाय म्हणजे काय हे नव्याने सांगायला नको. तरी दर हिवाळ्यात पाय भाजतातच. भाजायला उकळते पाणी लागत नाही. ६० अंशांचे पाणी पाचेक सेकंदांत खोल भाजते, ५० अंशांचे काही मिनिटांत. आणि हाताला नुसते ‘बरे गरम’ वाटणारे ४४-४५ अंश तासन्‌तास एकाच जागी टेकून राहिले, तर तेही. म्हणून गरम पाण्याची रबरी पिशवी पायाशी ठेवून झोपवणे बंद करावे. बधिर पायाखाली ती सरकली तरी कळत नाही. सकाळी फोड दिसतो, आणि अशा पायाला रक्तपुरवठा बहुधा कमी असल्यामुळे तो भरता भरता होळी येते. पिशवी वापरायचीच तर झोपण्याआधी पंधरा मिनिटे अंथरुणात ठेवून अंथरूण गरम करावे आणि माणूस आत शिरण्याआधी काढून घ्यावी.

कॅलिपर, म्हणजे पायाला आधार देणारी लोखंडी पट्ट्यांची चौकट, घालून आगटीशी बसू नये. लोखंडी पट्टी लवकर तापते आणि चामड्याच्या पट्ट्याखालून उष्णता पिंढरीपर्यंत नेते. वरचा पायजमा शाबूत असतो, आत कातडी गेलेली असते. जयपूर फूट (कृत्रिम पाय) आणि प्लास्टिकच्या स्प्लिंटची गोष्ट उलटी. दहिवराने ओले झाले म्हणून ते निखाऱ्यांजवळ वाळत ठेवले की वाकतात. टाचेचा कोन जरासा बिघडला तरी चालताना गुडघा दुखू लागतो, आणि गोळ्या गुडघ्याच्या सुरू होतात. चामडेही आगीपाशी तडकते. ते सावलीत वाऱ्यावर वाळवावे आणि वाळल्यावर एरंडेलाचा हलका हात फिरवावा.

आगीपासून किती दूर बसवायचे, याचे माप सोपे आहे. ज्याला संवेदना आहे अशा माणसाने आपल्या मनगटाची आतली बाजू त्या पायाच्या जागी धरून दोन मिनिटे थांबावे. हात मागे घ्यावासा वाटला तर अंतर कमी आहे. खरे तर तोंड आगीकडे करून पाय मागे दुमडून किंवा आडवे ठेवावेत. ऊब द्यायची ती छातीला आणि पाठीला. अंघोळीचे पाणी काढतानाही बादलीत आधी गार पाणी, मग गरम, आणि पाहायचे ते कोपराने. बंबातले पाणी थेट घमेल्यात ओतून त्यात पाय सोडणे, हा प्रकार तर नकोच.

रात्री बंद खोलीत शेगडी ठेवून झोपण्याबद्दल दरवर्षी बातमी येते, पण एक गैरसमज जात नाही : धूर नाही म्हणजे विष नाही. लाल झालेले कोळसे धूर देत नाहीत, कार्बन मोनॉक्साइड मात्र देतात, आणि त्याला वास नसतो, रंग नसतो. आधी डोके जड होते, मग मळमळते. चालता येणारा माणूस निदान दार उघडून ओसरीत येतो. ज्याला बाजेवरून उतरवायला दोन जण लागतात, तो तिथेच राहतो. म्हणून शेगडी झोपण्यापूर्वी बाहेर, राख टाकून विझवून. संध्याकाळी आत असताना खिडकी चार बोटे उघडी हवी. आणखी एक. बॅटरीची तीनचाकी असेल तर तिचा चार्जर त्याच खोलीत लावू नये. शिशाच्या बॅटऱ्या चार्ज होताना हायड्रोजन सोडतात, आणि शेजारी निखारा म्हणजे आमंत्रणच.

मणक्याला मार लागून छातीखालचे अंग गेले असेल, त्यातही दुखापत वरच्या भागात असेल, तर त्या भागाला हुडहुडी भरत नाही आणि शरीराला आपले तापमान नीट सांभाळता येत नाही. कुडकुडत नाही म्हणजे थंडी वाजत नाही, असे घरचे समजतात. रात्री लघवीने कपडे ओले झाले आणि पहाटेपर्यंत तसेच राहिले, तर आठ-दहा अंशांतसुद्धा अंग धोक्याइतके गार पडू शकते. पोटावर हात ठेवून पाहावे. पोट गार लागत असेल, बोलणे जड झाले असेल, माणूस पेंगत असेल, तर ओले कपडे काढायचे, धड गुंडाळायचे, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड चहा द्यायचा आणि १०८ ला फोन लावायचा. हातपाय चोळू नयेत. मोहाच्या दारूचा तर एक घोटही नाही. तिने कातडीला गरम वाटते, पण रक्त कातडीकडे धावल्याने आतली ऊब बाहेरच निघून जाते.

आता अंथरूण. वरून तीन वाकळा टाकल्या तरी थंडी का जात नाही? कारण बाज खालून उघडी असते. सुतळीच्या विणीतून खालची गार हवा रात्रभर लागत राहते. पांघरूण वाढवण्यापेक्षा खालची बाजू बंद करावी. धानपट्ट्यात तणशीला, म्हणजे धानाच्या पेंढ्याला, तोटा नाही. कोरडी तणस दोन पोत्यांत वीतभर जाडीची भरून तोंडे शिवून घ्यावीत, ती बाजेवर पसरावीत, वर जाड गादी. तणस मोकळी अंथरू नये. तिची टोके कातडीत रुततात, आणि ज्याला रुतलेले कळत नाही त्याला तिथूनच जखम सुरू होते. दर दोन-तीन दिवसांनी पोती उन्हात टाकावीत, नाहीतर बुरशी धरते आणि खोकला लागतो. कूस बदलायला थंडीत सगळेच कंटाळतात, पांघरूण उघडावे लागते म्हणून. पण दर दोन तासांचा नियम थंडीतही दोनच तासांचा. माकडहाड, खुबे, टाचा या जागा रोज सकाळी उजेडात पाहाव्यात. लाल डाग बोटाने दाबून पांढरा होत नसेल, किंवा गव्हाळ-काळ्या कातडीवर तो भाग भोवतालपेक्षा गरम वा टणक लागत असेल, तर त्या बाजूवर पुन्हा वजन द्यायचे नाही.

जड पांघरुणाचा एक त्रास फार कमी लोकांना माहीत असतो. लुळ्या पायाच्या बोटांवर वाकळांचे वजन रात्रभर पडले की पाऊल खाली वाकते आणि अडीच महिन्यांत टाचेमागची शीर आखडते. उन्हाळ्यात मग पाऊल जमिनीला सपाट टेकत नाही, कॅलिपर बसत नाही. यावर उपाय म्हणजे पायथ्याशी एक रिकामे खोके. किराणा दुकानातला बिस्किटांचा मोठा पुठ्ठ्याचा डबा दोन बाजूंनी कापून कमानीसारखा ठेवायचा, पांघरूण त्याच्यावरून जाईल, पावले आत मोकळी राहतील. मोजे घालायचे ते सैल, आणि शिवण बाहेरच्या बाजूला येईल असे उलटे करून. घट्ट इलॅस्टिकचा एक जोड घालण्यापेक्षा सैल दोन बरे.

सकाळी आखडलेले पाय झटक्याने ओढून सरळ करू नयेत. थंडीने ताठरपणा वाढतोच. ओढले की आणखी वाढतो. शिवाय वर्षानुवर्षे वजन न पेललेली हाडे ठिसूळ झालेली असतात, हिसक्याने मोडतात. पांघरुणातच, पाय गरम असताना, हळूहळू ताणून तीस सेकंद धरायचे, सोडायचे, असे पाचेक वेळा. मग उठायचे.

पोलिओवाल्यांचे जरा वेगळे आहे. त्यांना संवेदना असते, पण स्नायू काम करत नसल्याने पायातले रक्त नीट फिरत नाही. पाय निळसर आणि बर्फासारखा पडतो आणि उरलेली ताकदही थंडीत कमी भरते. असा पाय आगीवर धरला की सुजतो. तो गार पडण्याआधीच, म्हणजे अंथरुणातून बाहेर काढण्याआधी, मोजा चढवला पाहिजे. भारत २०१४ मध्ये पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे पोलिओचा विषयही सगळ्यांनी बंद केला. ज्यांना लहानपणी झाला ती माणसे आज चाळिशी-पन्नाशीत आहेत, त्यांचे खांदे कुबड्यांवर झिजले आहेत. विषय बंद कसा?

सिकलसेलचेही (रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार) बोलले पाहिजे, कारण आपल्या भागात तो घरोघर आहे आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत त्याची नोंद आहे. मांडीच्या हाडाच्या डोक्याला रक्त न पोचल्याने खुबा निकामी झालेली तरुण मुले यात असतात. गार पाण्याची अंघोळ, ओले कपडे आणि कमी पाणी पिणे, या तिन्हींनी दुखण्याचा झटका येऊ शकतो. थंडीत तिन्ही एकदम घडतात.

कमी पाणी पिण्याचे कारण संडास. घरकुलाचा संडास बहुधा सांदवाडीत (परसात), घरापासून पंधरा-वीस पावलांवर. पहाटे पाचला तिथवर जायचे नको म्हणून माणूस दुपारपासूनच पाणी तोडतो. मग लघवी गडद, जळजळ, ताप, मुतखडा. दिवसभरात दोन-सव्वादोन लिटर पाणी हवेच, फक्त त्यातले बहुतेक संध्याकाळी पाचच्या आत प्यावे. रात्रीसाठी बाजेशी रुंद तोंडाचा डबा आणि झाकण. यात लाजण्यासारखे काही नाही.

आणि संडासापर्यंत बांबूचा कठडा करावा. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपुरात बांबूची वानवा नाही. दर चार फुटांवर एक खुंट, दीड-दोन फूट जमिनीत, गाडायचा भाग जळक्या ऑइलमध्ये बुडवलेला, म्हणजे वाळवी धरत नाही. आडव्या बांबूची उंची पुस्तकात बघू नये. ज्याला धरायचा आहे त्याला उभे करावे, हात सैल सोडायला सांगावा आणि मनगटाची घडी येते तिथे खूण करावी. उंच झाला तर खांदा वर चढतो, बुटका झाला तर माणूस पुढे वाकतो. इथे एक चूक हमखास होते. गुळगुळीत बांबूवर पहाटे दहिवर बसते आणि नेमका हात घसरतो. त्यावर काथ्याची दोरी आवळून गुंडाळली की पकड मिळते. दोरीची गाठ खालच्या बाजूला घ्यावी, तळव्याला टोचू नये.

दहिवर हाच आपला बर्फ. बर्फाच्या देशांत कुबडीला टोकदार खिळ्यांची टोपी लावतात; ती बर्फात रुतते म्हणून चालते. आपल्या टाइलवर आणि कडप्प्यावर तीच टोपी घसरते, त्यामुळे मोबाइलवर पाहून मागवू नये. आपल्याला लागते ते चांगले रबर. कुबडीच्या टोकाचे रबरी बूट उलटे करून पाहा : तळाच्या गोल खाचा दिसत नसतील, किंवा रबर नखाने दाबून दबत नसेल, तर ते टाकून द्या. विकत घेताना पाइपची बाहेरची जाडी मोजून न्या. १९, २२, २५ मिलिमीटर अशी मापे मिळतात, आणि सैल बूट निम्म्या वाटेत निघून येते. आत एक लोखंडी वायसर टाकावा. तो नसला की पाइपची धार आतून रबर कापत जाते आणि एके दिवशी नळी सरळ फरशीवर येते. ओल्या अंगणातून आत येताना धोका उंबऱ्यावर असतो, कारण शेणाने सारवलेल्या अंगणातला ओला लगदा बुटाला चिकटतो आणि आत टाइल असते. तिथे बारदाना टाकतात, पण टाइलवर टाकलेला बारदाना स्वतःच सरकतो. तो उंबऱ्याबाहेर खडबडीत जमिनीवर टाकावा, आणि दाराच्या चौकटीला हात पुरेल इतक्या उंचीवर एक फडके बांधावे, बूट पुसून मग आत.

व्हीलचेअरबद्दल : गारठ्यात चाकातली हवा बसते. दिवाळीला भरलेली हवा पौषात कमी पडते. ढकलायला जड जाते हे सगळ्यांना जाणवते, पण बहुतेक खुर्च्यांचा ब्रेक टायरवर दाबून बसतो आणि टायर मऊ झाला की तो धरत नाही, हे बाजेवर सरकताना खुर्ची मागे गेल्यावरच कळते. दर आठ दिवसांनी पंप मारावा. मांडीवर घेतलेले ब्लँकेट आऱ्यांत अडकते. त्याचा अर्धा भाग कापून कमरेपर्यंतची पिशवी शिवावी, पुढून बंदाने बांधायची, म्हणजे उतरताना एका हाताने सुटते.

तीनचाकीच्या साखळीवर या दिवसांत चुरण्याचा (धानाच्या मळणीचा) भुसा बसतो. जळके ऑइल टाकले की भुसा आणखी चिकटतो. डिझेलच्या ब्रशने साखळी धुवावी, पुसावी, प्रत्येक कडीवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब द्यावा आणि वरचे तेल पुसून घ्यावे. ओल्या रिमवर ब्रेक आधी धरत नाही, म्हणून निघताना दोन-तीनदा हलका दाबून रिम कोरडी करावी. मागे लाल रेडियमची पट्टी दोन्ही कडांना हवी. धुक्यात तणशीने भरलेल्या ट्रॅक्टरवरून खाली तीनचाकी दिसतच नाही. बॅटरीवाल्यांनी थंडीत एका चार्जिंगचे अंतर दहाएक टक्के कमी धरावे आणि घरी आल्या आल्या चार्जिंग लावावे. उतरलेली बॅटरी रात्रभर गारठ्यात ठेवली की ती लवकर मरते.

एवढे सगळे घर करू शकते. वेळा मात्र घराच्या हातात नाहीत. पाय आखडलेले, अंगण ओले, बोटे बधिर, अशा माणसाचा दिवस दहाला सुरू होतो. तपासणीच्या रांगा मात्र त्याआधी लागतात, आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जायचे तर पहाटेची एसटी. रेशन दुकानात थंडीने उललेल्या, कुबडी धरून घट्टे पडलेल्या अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही, आणि ‘उद्या या’ हे उत्तर तीनचाकीवरून चार किलोमीटर आलेल्याला मिळते. कोमट पाण्याने हात धुऊन पूर्ण कोरडे करून कमी वापरातले बोट लावले तर बरेचदा ठसा लागतो; तेल लावून गेल्यास काच माखते. दुकानात एक तांब्याभर कोमट पाणी आणि फडके ठेवायला शासन निर्णय लागू नये. ३ डिसेंबरला दिव्यांग दिन येतो, ऐन गारठ्यात. त्या दिवशीच्या फेऱ्या आणि सत्कार दुपारी बाराला, उन्हात ठेवावेत, एवढी तरी सूचना आयोजकांना पोचवावी.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. थंडीत त्यातून ब्लँकेट वाटप होते, बहुधा संक्रांत उलटल्यावर. त्याऐवजी कार्तिकातच गावातल्या कुबड्या मोजून तेवढे रबरी बूट, प्रत्येक तीनचाकीला रेडियम, एक हवेचा पंप आणि ज्यांना हवे त्यांच्या अंगणात बांबूचा कठडा, एवढे केले तरी खर्च ब्लँकेटांपेक्षा कमी येईल. फोटो तितका चांगला येणार नाही, हे कबूल.

आपल्याकडे मागणी एकच. किमान तापमानाच्या चौकटीखाली, पारा दहाच्या आत असेल त्या दिवशी, एक ओळ छापावी : ‘बधिर पाय आगीपासून दूर ठेवा, शेगडी झोपण्याआधी बाहेर काढा.’ जागा दीड सेंटिमीटर लागेल.

आपले,
दिव्यांगांच्या साधनांची दुरुस्ती व घरपोच शुश्रूषा करणारे काही वाचक,
ता. अर्जुनी मोरगाव, जि. गोंदिया